पित्त पित्त म्हणत दोन वर्षं काढली: पोटातल्या सुजेचं कारण शोधायचं कसं

पहिल्यांदाच सांगतो, मी डॉक्टर नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, दिवसभर खुर्चीत बसून काम. दोन वर्षं वरच्या पोटात जळजळ, दोन भाकरीवरनं एक भाकरीवर आलो, सकाळी उठल्या उठल्या मळमळ, आणि ज्याला सांगेल तो एकच सांगायचा, शेंगाचटणी बंद कर. सोलापुरात पोट दुखलं की पहिला गुन्हेगार शेंगाचटणीच असते बघा. मी आठ महिने बंद केली. चटणी गेली, कांदाभजी गेली, मिसळ गेली, जळजळ होती तिथंच. कारण माझं कारण ताटात नव्हतंच, एक कपाटात होतं आणि दुसरं पोटातल्या जंतूत. ते पुढं सांगतो.

ज्यांचा त्रास महिना-दोन महिने झाले तरी जात नाही आणि सुरुवात कुठनं करायची तेच कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. एक गोष्ट डोक्यात पक्की करा, "गॅस्ट्रायटिस" हे उत्तर नाही. त्याचा अर्थ फक्त जठराच्या आतल्या अस्तराला सूज आलीय एवढाच. का आली, हा प्रश्न तसाच राहतो, आणि आपण तिथंच थांबतो, गोळी सुरू करतो, गोळी बंद केली की परत जळजळ, परत गोळी.

आधी हे बघा, मग पुढचं वाचा

काही लक्षणं अशी आहेत की त्यात वही-बिही काही लिहीत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. संडास डांबरासारखा काळा, चिकट आणि घाण वासाचा होणं (लोहाच्या गोळ्यांनी पण काळा होतो, पण असा चिकट नाही), उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काहीतरी, घास गिळताना अडकणं, काही न करता वजन उतरणं, रोज उलट्या, तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघणं. आणि पन्नाशी-साठीच्या पुढं आयुष्यात पहिल्यांदाच असा त्रास सुरू झाला असेल तर "वय झालं, पचत नाही" म्हणून सोडायचं नाही, घरात कुणाला जठराचा कॅन्सर झाला असेल तर तेही डॉक्टरांना आपणहून सांगायचं.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. हार्ट अटॅक पुष्कळदा पित्तासारखाच वाटतो. आमच्या गल्लीतले एक काका, शुगर होती, रात्री जेवणानंतर छातीच्या खाली जड वाटायला लागलं, घाम सुटला, घरच्यांनी सोडा दिला, ओवा दिला, पाठ चोळली, आणि सकाळ होईस्तोवर उशीर झाला होता. शुगरवाल्यांना आणि बायकांना छातीत नेहमीसारखी कळ येईलच असं नाही. म्हणून घाम, दम, जबड्यात किंवा हातात ओढ असं काही सोबत असेल, तर 108 ला फोन करा आणि आधी ईसीजी काढा. आणि अजून एक खूण, जिना चढताना किंवा भराभर चालताना जळजळ होते आणि थांबलं की कमी होते, हे पोटाचं लक्षण कमी आणि हृदयाचं जास्त. गॅस चालल्यावर येत नाही अन् उभं राहिल्यावर जात नाही.

पंधरा दिवसांची वही

वरचं काही नसेल तर एक दहा रुपयांची वही घ्या. मोबाईलमधे लिहिलं तरी चालतं पण मला वही बरी वाटली, डॉक्टरांसमोर उघडून ठेवता येते. काय खाल्लं, किती वाजता, त्रास कधी सुरू झाला, किती वेळ राहिला, नेमका कुठं, आणि त्या दिवशी कुठली कुठली गोळी घेतली. बास एवढंच. आपल्याकडं सगळ्यालाच "गॅस" म्हणतात, पाठ दुखली तरी गॅस, डोकं दुखलं तरी गॅस वर चढला, त्यामुळं डॉक्टरला नुसतं "गॅस होतो" सांगितलं की त्यालाही काही कळत नाही, तो बिचारा पॅन्टॉप, म्हणजे ॲसिड कमी करायची गोळी, लिहून देतो.

जागा नीट सांगितली तर अर्धं काम होतं. बेंबीच्या वर मधोमध जळणं, लवकर पोट भरल्यासारखं वाटणं, हे जठराकडं बोट दाखवतं. छातीच्या हाडामागं जळजळ आणि झोपल्यावर घशाशी आंबट येणं म्हणजे ॲसिड वर येतंय, ते वेगळं प्रकरण. रिकाम्या पोटी किंवा रात्री दोन-तीनला जाग येऊन दुखतं आणि बिस्कीट खाल्लं की बरं वाटतं, तर लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर असू शकतो (सगळ्यांना असं पुस्तकातल्यासारखं होत नाही, पण लिहून ठेवा). दूध किंवा पेढा खाल्ल्यावर तासा-दोन तासात पोट फुगून गुडगुड आणि पातळ संडास, तर दुधातली साखर पचत नसेल, ती आपल्या देशात पुष्कळांना पचत नाही, त्याला जठराची सूज म्हणत नाहीत.

आणि उजव्या बरगडीखाली, लग्नातलं तुपातलं जेवण झाल्यावर रात्री जोरात कळ, तीन-चार तास जात नाही, उजव्या खांद्याकडं जाते. माझ्या मेव्हणीला वर्षभर हेच व्हायचं, ती वर्षभर पित्ताच्या गोळ्या खात होती, शेवटी सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. पित्त म्हणायला पित्तच होतं म्हणा, पण गोळी दुसऱ्याच पित्ताची चालू होती. वरच्या पोटातली कळ सरळ आरपार पाठीत जात असेल आणि वाकून बसलं की जरा बरं वाटत असेल, तर स्वादुपिंड तपासावं लागतं, त्यातही दारू असेल तर लपवू नका.

आता कपाट उघडा

हा भाग सगळ्यात जास्त वेळ घेऊन वाचा, कारण मी इथंच चुकलो.

मला पहिल्या डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत? मी म्हणलं, काही नाही. खोटं बोललो नाही हो, मला खरंच तसं वाटत होतं. खुर्चीत बसून कंबर धरायची, मग कोपऱ्यावरच्या मेडिकलमधनं चिठ्ठीशिवाय एक पत्ता आणून ठेवलेला, आठवड्यात तीन-चार वेळा सकाळी चहाबरोबर एक गोळी टाकायची आणि कामाला जायचं. ती कंबरेची गोळी, पोटाच्या दुखण्यात तिचं नाव कशाला घ्यायचं? दीड वर्षानं दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, पुढच्या वेळी घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून आणा, पुड्या, मलम, वडिलांच्या गोळ्या, सगळं. पिशवी टेबलावर उलटी केली आणि त्यांनी त्यातनं डायक्लोफिनॅकचा पत्ता उचलून नुसता माझ्याकडं बघितलं.

डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन, ॲस्पिरिन, या सगळ्या एकाच घराण्यातल्या. या गोळ्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचा पदार्थ बनू देत नाहीत, त्यानं दुखणं कमी होतं, पण जठराच्या आतला चिकट संरक्षक थर त्याच पदार्थाच्या जिवावर टिकलेला असतो. तो पातळ झाला की आपलंच ॲसिड आपल्याच अस्तराला लागतं. म्हणून जेवून घेतली तरी धोका पूर्ण जात नाही आणि इंजेक्शन घेतलं तरी जात नाही, कारण नुकसान रक्तातनंही होतं. नुसती पॅरासिटॅमॉल जठराला त्या मानानं सौम्य, पण पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात वाचा, पुष्कळ गोळ्यांत पॅरासिटॅमॉलबरोबर असिक्लोफिनॅक मिसळलेली असते. गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेलं सापडतं, तर ती पुडीही पिशवीत घाला, लाजू नका.

पण हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर हे वाचून ती आपल्या मनानं बंद करायची नाही. डॉक्टरांना विचारा, ते जठरासाठी संरक्षण देतील. लोहाच्या गोळ्या, हाडांसाठी आठवड्यातनं एकदा घ्यायची गोळी, डॉक्सीसायक्लीन, यांनी पण जळजळ होते, विशेषतः घोटभर पाण्यात गिळून लगेच आडवं झालं तर.

पिशवीत न मावणारी यादी वेगळी. दारू, तंबाखू, गुटखा, बायकांची मिश्री. मिश्री लावणाऱ्या आजी-मावश्या हे "व्यसन" म्हणून सांगतच नाहीत, दात घासते म्हणतात, आणि डॉक्टरही विचारत नाहीत. रिकाम्या पोटी चार चहा हेही लिहा.

सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे पोट नॉर्मल नव्हे

सोनोग्राफीत पित्ताशय, लिव्हर, किडनी दिसतात. जठराच्या आतली सूज दिसत नाही. मी नॉर्मल रिपोर्ट घेऊन नवी पेठेत आइस्क्रीम खाऊन घरी गेलो होतो, आता हसू येतं. तरी सोनोग्राफी करायचीच, सहा-आठ तास उपाशीपोटी, म्हणजे खडे आहेत का ते कळतं.

रक्तात हिमोग्लोबिन, लिव्हरच्या तपासण्या आणि बी 12 बघतात. बी 12 कमी आलं की लगेच घाबरायचं नाही, शाकाहारी माणसांत पुष्कळदा कमी असतं, शुगरची मेटफॉर्मिन आणि वर्षानुवर्षं घेतलेली ॲसिडची गोळी पण कमी करते. पण शरीराचीच प्रतिकारशक्ती जठराच्या पेशींवर उलटते असा एक प्रकार आहे, ऑटोइम्यून गॅस्ट्रायटिस, त्यात बी 12 शोषलंच जात नाही, तर बी 12 फार कमी आणि हातापायाला मुंग्या असतील तर त्या दिशेनं अँटीबॉडीच्या तपासण्या करायच्या का, विचारा. गव्हामुळं होणारा सीलिअक आजार तपासायचा असेल तर टेस्टच्या आधी गहू बंद करू नका, बंद केला तर टेस्ट फसते. आपण ज्वारीवाले, कडक भाकरी खाऊन राहणारे, त्यामुळं "पोळी कितपत खाता" हे आपणहून सांगितलेलं बरं.

जंतू

हेलिकोबॅक्टर पायलोरी. डॉक्टर लोक नुसतं एच पायलोरी म्हणतात. जठरातल्या ॲसिडमधे कुठला जंतू जगूच शकत नाही असं सगळे धरून चालायचे, अल्सर म्हणजे टेन्शन आणि तिखट. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांना सुजलेल्या जठरांत हा वाकडा जंतू वारंवार दिसला, लोक ऐकेनात, म्हणून 1984 साली मार्शलनं तो जंतू वाढवलेलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं, थोड्याच दिवसांत उलट्या-मळमळ सुरू, तपासलं तर जठराला सूज. 2005 साली दोघांना नोबेल मिळालं. आमच्या घरी मात्र अजून टेन्शन आणि तिखटच चालू आहे. तिखटानं आधीच दुखऱ्या पोटाची जळजळ वाढते हे खरं, पण अल्सरची मोठी कारणं दोनच, हा जंतू आणि वर सांगितलेल्या वेदनाशामक गोळ्या.

आपल्या देशात हा जंतू पुष्कळांच्या पोटात असतो, बहुतेकांना लहानपणीच मिळतो, घरातल्या घरात, थुंकीतनं, अस्वच्छ हातांनी, पाण्यातनंही येऊ शकतो. सोलापुरात नळाला रोज पाणी कुठं येतंय, पिंपं भरून ठेवावीच लागतात, तर झाकण आणि लांब दांड्याचं ओगराळं एवढं तरी पाळा, पिंपात हात घालून तांब्या बुडवायचा नाही.

टेस्ट तीन प्रकारच्या. श्वासाची, म्हणजे युरिया ब्रेथ टेस्ट, संडासची, म्हणजे स्टूल अँटिजेन, आणि दुर्बिणीतनं तुकडा काढून. रक्तातली अँटीबॉडी टेस्ट लॅबच्या पॅकेजमधे असते, तिच्यावर विसंबू नका, जंतू गेला तरी ती पुढं बराच काळ पॉझिटिव्ह राहू शकते.

आता मुख्य गोष्ट, ही मला कुणी सांगितली नव्हती. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल असली ॲसिडची गोळी चालू असताना टेस्ट केली तर जंतू दबलेला असतो आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. गोळी दोन आठवडे आधी बंद पाहिजे, अँटिबायोटिक आणि बिस्मथ (पोटासाठीचं एक औषध) चार आठवडे आधी. माझी पहिली टेस्ट रोज पॅन्टॉप खात असतानाच झाली, निगेटिव्ह आली, आणि त्या एका कागदावर माझे सात-आठ महिने गेले. नंतर दोन आठवडे गोळी सोडून स्टूल टेस्ट केली तर पॉझिटिव्ह. ते दोन आठवडे सोपे नसतात हे पण सांगतो, गोळी एकदम सोडली की ॲसिड उसळी मारून वर येतं, आपल्याला वाटतं आजार वाढला. डॉक्टरांना विचारून तेवढ्यापुरतं साधं अँटासिड सिरप घेता येतं, मी तेच घेतलं. मे महिन्यात करू नका एवढा माझा सल्ला, बेचाळीस डिग्रीत आधीच जीव नकोसा होतो.

दुर्बीण

एन्डोस्कोपीला लोक उगाच घाबरतात. धोक्याचं लक्षण असेल तर ताबडतोब, नसेल आणि वय कमी असेल तर आधी जंतूची टेस्ट करून बघतात. रात्री हलकं जेवायचं, मग सहा-आठ तास काही नाही. शुगरच्या, बीपीच्या, रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं आदल्या दिवशीच विचारून घ्या. घशात बधिर करायचा स्प्रे मारतात, डाव्या कुशीवर झोपवतात, तोंडात प्लास्टिकची कडी, पाच-दहा मिनिटं. उबळ येते, डोळ्यातनं पाणी येतं, दुखत नाही. नाकानं श्वास घेत राहायचं. घशाचा बधिरपणा गेल्याशिवाय पाणी पण प्यायचं नाही, ठसका लागतो. झोपेचं इंजेक्शन घेतलं तर त्या दिवशी गाडी चालवायची नाही, मंगळवेढा-बार्शीकडनं येणाऱ्यांनी सोबत माणूस आणावा. खासगीत परवडत नसेल तर सिव्हिलला सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा आणि मेडिसिनच्या ओपीडीत वही आणि पिशवी दोन्ही दाखवा.

आत जायच्या आधी एकच प्रश्न विचारा, "बायोप्सी घेणार का?" कारण नुसत्या डोळ्यानं बघितलेल्या लालीवरनं फार काही ठरत नाही. रिपोर्टवर "माइल्ड अँट्रल गॅस्ट्रायटिस", म्हणजे जठराच्या खालच्या भागाला थोडी सूज, असं इतक्या जणांच्या लिहिलेलं असतं की मला तर तो शिक्काच वाटतो. जठराच्या खालच्या आणि मधल्या, दोन्ही भागांतनं बारीक तुकडे घेतले की जंतू, सूज किती जुनी, अस्तर झिजलंय का, हे कळतं. तुकडा काढताना कळतसुद्धा नाही. रिपोर्टमधे ॲट्रॉफी (अस्तर झिजणं) किंवा इंटेस्टायनल मेटाप्लेशिया (जठराचं अस्तर आतड्याच्या अस्तरासारखं होणं) असे शब्द आले तर कॅन्सर झाला असं समजून रात्र जागवू नका, पण कागद कपाटातही टाकू नका, परत कधी बघायचं ते डॉक्टरांकडनं लिहून घ्या.

सगळंच नॉर्मल आलं तर

हे पुष्कळदा होतं. एवढं करून काही सापडत नाही, आणि घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. नाहीत. ज्यांना असा त्रास असतो त्यांच्यातल्या बहुतेकांची दुर्बीण नॉर्मलच येते, त्याला फंक्शनल डिस्पेप्सिया म्हणतात, जठराच्या नसा जास्त हळव्या झालेल्या असतात किंवा जठर नीट सैल होत नाही, हळू रिकामं होतं. यात थोडं थोडं चार वेळा खाणं, रात्री लवकर जेवणं, झोप, याचा खरोखर उपयोग होतो. डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलिनसारखी गोळी अगदी कमी डोसमधे दिली आणि गूगलवर ती डिप्रेशनची निघाली तर भांडायला जाऊ नका, पोटाच्या नसा शांत करायला पण ती देतात.

जंतू सापडला तर

चौदा दिवसांचा कोर्स असतो, ॲसिडची गोळी, दोन अँटिबायोटिक, आणि पुष्कळदा बिस्मथ. ॲसिडची गोळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी, जेवल्यावर नाही, निम्मे लोक इथंच चुकतात. तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव येते. बिस्मथनं संडास काळा होतो, मी पाचव्या दिवशी घाबरून सकाळी सहाला डॉक्टरांना फोन केला होता, वर लिहिलेला डांबरासारखा चिकट आहे का तेवढं बघा. कोर्समधे मेट्रोनिडाझोल असेल तर दारूचा थेंब नको, आणि सहाव्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडू नका, अर्धवट सोडलेला जंतू त्या औषधाला दाद देईनासा होतो, आपल्याकडं आधीच क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतू भरपूर आहेत.

कोर्स संपल्यावर निदान चार आठवड्यांनी परत टेस्ट, श्वासाची किंवा संडासची, परत तोच नियम, ॲसिडची गोळी दोन आठवडे बंद. कोर्सच्या शेवटच्या दिवशीच तारीख मोबाईलमधे लावून ठेवा, कारण पोट बरं वाटायला लागलं की ही टेस्ट हमखास राहते. माझी तीन महिने राहिली, गड्ड्याची जत्रा होऊन गेली, मग बायकोनंच नमुन्याची डबी हातात दिली तेव्हा कुठं केली.